प्लेसमेंटचं पोस्टर आणि मधला नंबर

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये दुसरा विषयच नाही, सगळे अ‍ॅडमिशनच्या मागे. पर्सेंटाइल कळलेत, मामा-काका-आत्या सगळ्यांचे फोन येऊन गेलेत आणि आता घराघरात वाद चाललेत. "ड्रीम युनिव्हर्सिटी" हे तर जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे, फक्त ते ड्रीम नेमकं घरातल्या कोणाचं हे शोधायला पत्र दोनदा वाचावं लागतं. जागा कमी म्हणून प्रश्न थोडे कापलेत, नावं गाळलीत.

प्रश्न: मुलीला एमएचटी-सीईटीला बरे पर्सेंटाइल आहेत. सीओईपी-व्हीजेटीआय नाही मिळणार पण नांदेडचं एसजीजीएस लागू शकतं असं सगळे म्हणतात. तिला मात्र पुण्याजवळची एक प्रायव्हेट युनिव्हर्सिटीच हवीये, आम्ही जाऊन बघून आलो आणि कॅम्पस बघून ती हरखूनच गेली. ते फीत २५ टक्के स्कॉलरशिप देतो म्हणतायत, पण आठ दिवसांत सीट बुक करा म्हणतात. तिचे बाबा म्हणतात नांदेडच बरं, शनिवार-रविवार घरी येता येईल. मी दोघांच्या मधे अडकलेय. – एक आई, लातूर

ताई, आधी एक काम करा, ते आठ दिवसांत भरायचे पैसे भरू नका. निदान माझं उत्तर पूर्ण वाचेपर्यंत तरी नको.

तुम्ही पत्रात कुठेच लिहिलं नाही म्हणून सांगतो, जुलै २०२४ मध्ये सरकारने जीआर काढला की कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ, आधी ती निम्मीच होती. पण यात दोन अटी आहेत आणि लोक नेमके तिथेच फसतात. अ‍ॅडमिशन कॅप म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या राउंडमधून झालेली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेली चालत नाही. आणि स्वयंअर्थसहाय्यित प्रायव्हेट युनिव्हर्सिटी आणि डीम्ड यात बसत नाहीत. म्हणजे तुम्ही त्या अटींत बसत असाल तर एसजीजीएसला तुमच्या मुलीची ट्यूशन फी शून्य आणि त्या चकचकीत कॅम्पसला २५ टक्के सूट देऊनसुद्धा उरलेले ७५ टक्के तुमच्याच खिशातून, चार वर्षं, आणि ती सूटही बहुतेक वेळा दुसऱ्या वर्षी अमुक सीजीपीए राहिला तरच चालू राहते, ते स्कॉलरशिपच्या पत्रात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, काढून वाचा. होस्टेल आणि मेसचा खर्च मात्र दोन्हीकडे करावाच लागेल, तो माफीत येत नाही. काही कॉलेजं आधी सगळी फी भरा, सरकारकडून आली की परत देऊ असंही म्हणतात, तसं म्हणाले तर जीआरची कॉपी पुढे ठेवायची आणि लेखी मागायचं.

आता पैसे बाजूला ठेवून बोलू, कारण मुलीला फीचं गणित ऐकवून गप्प केलं तर ती चार वर्षं तोंड फुगवून बसेल. तिला नेमकं काय आवडलं हे तिला विचारा. एसी क्लासरूम, स्विमिंग पूल, काचेची बिल्डिंग, की पुणं? बऱ्याच मुलींना मनातून पुणंच हवं असतं, एकटीनं राहायचं असतं, आणि त्यात गैर काहीच नाही. पण मग पुण्यातली कॅप मधली कॉलेजं पण बघता येतील ना, त्यासाठी प्रायव्हेट युनिव्हर्सिटीच कशाला. आणि एसजीजीएस हे १९८१ पासून चालू असलेलं सरकारी अनुदानाचं स्वायत्त कॉलेज आहे, विष्णुपुरीला, मराठवाड्यातली अभ्यासू पोरं तिथे येतात. मी नेहमी सांगतो की चार वर्षांत तुमची मुलगी प्राध्यापकांकडून जितकं शिकेल त्याच्या दुप्पट शेजारच्या रूममधल्या मैत्रिणीकडून शिकणार आहे, त्यामुळे शेजारच्या रूममध्ये कोण येतंय ते बघा. गेल्या वर्षीचा कटऑफ म्हणजे दुसरं काही नसतं, तुमच्या वर्गात कोण बसणार आहे त्याची यादीच असते ती. प्रायव्हेट युनिव्हर्सिटीला तोच कटऑफ विचारा, बघा सांगतात का.

बाबांचं "शनिवारी घरी येता येईल" हे मात्र कारण म्हणून धरू नका. पहिल्या सेमिस्टरला येतील दर शनिवारी, नंतर कपडे धुवायला पण येत नाहीत.

अजून एक, कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना पहिल्या नंबरवर काय टाकताय ते चारदा बघा. पहिल्या राउंडला पहिलाच पसंतीक्रम लागला तर तो तुम्हाला घ्यावाच लागतो, आवडला नाही म्हणून पुढच्या राउंडला जाता येत नाही. त्यामुळे "सहज टाकून बघू" असं पहिल्या नंबरवर काही टाकायचं नाही.

प्रश्न: कॉलेजला नॅकची ए प्लस प्लस ग्रेड आहे म्हणजे डोळे झाकून घ्यायला हरकत नाही ना? – एक बाबा, नाशिक

डोळे झाकून तर भाजी पण घेऊ नये. नॅक म्हणजे कॉलेजं आणि युनिव्हर्सिट्या तपासून ग्रेड देणारी संस्था, १९९४ पासून आहे, ऑफिस बेंगळुरूला, आणि ३.५१ च्या वर सीजीपीए आला की ए प्लस प्लस. ही ग्रेड संपूर्ण संस्थेला असते, तुमच्या मुलाच्या डिपार्टमेंटला नाही, त्यामुळे केमिस्ट्री एकदम भारी आणि कॉम्प्युटरला तासाच्या हिशोबावरचे टेम्पररी शिक्षक असा प्रकार एकाच ग्रेडखाली सुखाने नांदतो. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षासकट काही सदस्यांना अटक केली, आरोप हाच की चांगल्या ग्रेडसाठी लाच घेतली. सगळ्याच ग्रेड खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. गेटवरच्या फ्लेक्सवर ग्रेडच्या खाली वर्ष लिहिलंय का तेवढं बघा, ग्रेडला मुदत असते आणि ती संपली तरी फ्लेक्स उतरत नाही.

प्रश्न: दोन कॉलेजं मिळतायत. एकाची जाहिरात "हायेस्ट पॅकेज ४० लाख", दुसरं काहीच जाहिरात करत नाही. एनआयआरएफ या सरकारी रँकिंगमध्ये दोन्ही शंभराच्या बाहेर, बँडमध्ये, म्हणजे नेमका नंबर न देता १०१-१५० अशा गटात. कसं ठरवायचं? – एक बाबा, इचलकरंजी

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण याचं उत्तर खरंच शोधून मिळतं, अंदाजपंचे नाही.

आधी ते ४० लाख. समजा दहा पोरांना नोकरी लागली. एकाला ४० लाख आणि बाकी नऊ जणांना ४-४ लाख. सरासरी काढली तर ७ लाख ६० हजार येते, मग पोस्टरवर "हायेस्ट ४० लाख, अ‍ॅव्हरेज ७.६ लाख" असं छापतात आणि त्यात एक अक्षर खोटं नसतं. पण तुमच्या मुलाला मिळणार बहुतेक ४, कारण तो ४० लाखवाला पोरगा वेगळाच असतो हो, तो कुठेही गेला असता तरी त्याला ते मिळालंच असतं, कॉलेजचा त्यात हातभार किती ते देवाला माहीत. मधल्या नंबरच्या पोराचं काय झालं ते बघा. पगारांची रांग लावली तर बरोबर मधे जो उभा आहे त्याचा पगार म्हणजे मीडियन, आणि ही मीडियन कॉलेजला द्यावी लागते.

कुठे, तर एनआयआरएफमध्येच. रँकिंग पहिल्यांदा आलं २०१६ ला, तेव्हापासून भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली माहिती भरावी लागते आणि ती पीडीएफ स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. कॉलेजच्या साइटवर "एनआयआरएफ" नावाचा एक कोपरा असतो, साधारण अगदी तळाला, तिथून पीडीएफ उघडा आणि रँक सोडून सरळ प्लेसमेंटच्या तक्त्यावर या. त्यात एका ओळीत सगळं असतं: त्या बॅचला पहिल्या वर्षी किती आले, ठरलेल्या वेळेत किती पास झाले, किती प्लेस झाले, प्लेस झालेल्यांचा मीडियन पगार किती आणि पुढे शिकायला किती गेले. आता वहीत लिहून काढा. समजा ३०० आले, १८० वेळेत पास झाले, त्यातले ९० प्लेस झाले आणि ३० पुढे शिकायला गेले. म्हणजे ६० पोरं पास होऊन त्या तक्त्यात कुठेच नाहीत, आणि १२० तर वेळेत पासच झाली नाहीत. तुमचा मुलगा यातला कोण असेल याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे, दहावी-बारावीला तो वर्गात कुठे होता ते आठवा. मीडियन पण फक्त प्लेस झालेल्यांतली असते हे विसरू नका. एकाच वर्षाचा आकडा बघू नका, तीन वर्षांचे असतात, खाली जातायत की वर ते बघा.

रँकचं म्हणाल तर इंजिनिअरिंगच्या रँकिंगमध्ये ३० टक्के मार्क रिसर्चला असतात आणि १० टक्के लोकांच्या मनात त्या संस्थेचं नाव काय आहे याला. तुमच्या मुलाला पीएचडी करायची नसेल तर त्या रिसर्चच्या मार्कांचा त्याला फारसा उपयोग नाही. म्हणून बँड १०१-१५० चा की १५१-२०० चा यावर घरात भांडू नका, काही अर्थ नाही त्याला.

आणि एकदा स्वतः जाऊन या, पण ओपन डे ला नाही. कुठल्याही साध्या बुधवारी अकरा-साडेअकराला जा. रिसेप्शनवरचा मुलगा तुम्हाला कॅम्पस टूर देतो म्हणेल, हो म्हणा, संपली की कँटीनमध्ये जाऊन बसा आणि थर्ड इयरच्या दोन पोरांना चहा पाजा. फर्स्ट इयरच्यांना अजून काही माहीत नसतं आणि लास्ट इयरचे वैतागलेले असतात. "कॉलेज कसं आहे" असं विचारलं तर मस्त आहे म्हणतील, ते विचारूच नका. गेल्या सेमिस्टरला किती लेक्चर प्रत्यक्ष झाली, निकाल किती दिवसांनी लागला, प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूला कंपन्या पोरांना पुण्याला बोलवून घेतात की कॉलेजातच येतात, असलं विचारा. नोटीस बोर्डवर शेवटची नोटीस कधीची आहे तेही वाचून या, बऱ्याच गोष्टी तिथेच कळतात.

प्रश्न: मुलगी बीएस्सी करतेय, तिला मरीन सायन्समध्ये करिअर करायचंय. पण ती म्हणते गोव्यात राहायचं नाही, बाहेरचीच युनिव्हर्सिटी हवी, तीच तिची ड्रीम. आम्हाला एकुलती एक आहे. – एक बाबा, फोंडा

हा तर गमतीचा प्रकार झाला. ज्या विषयासाठी बाहेरची पोरं गोव्याला यायला धडपडतात त्याच विषयासाठी तुमची मुलगी गोव्याबाहेर निघालीये! ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ, तिथून दोनापावला किती लांब हो, आणि दोनापावलाला एनआयओ म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ पासूनची. वास्कोला ध्रुवीय आणि समुद्र संशोधनाचं केंद्र, अंटार्क्टिकाच्या मोहिमा तिथून चालतात. एमएस्सीचं डेझर्टेशन, इंटर्नशिप, गाइड, सगळं एका बसच्या अंतरावर. विषयाच्या हिशोबाने बघितलं तर देशात अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि गोवा विद्यापीठाची जीयू-एआरटी ही प्रवेश परीक्षा दिली की तिच्या दारात.

पण ती विषयाबद्दल बोलतच नाहीये बहुतेक, ती घराबद्दल बोलतेय. अमेरिकेत प्रिन्स्टन रिव्ह्यू नावाची कंपनी आहे (प्रिन्स्टन विद्यापीठाशी संबंध नाही), ती २००३ पासून मुलांना आणि पालकांना वेगवेगळं विचारते की प्रवेशाची आणि खर्चाची अट नसती तर तुमचं ड्रीम कॉलेज कोणतं. उत्तरं स्टॅनफर्ड, एमआयटी, हार्वर्ड अशीच येतात, त्यात काही विशेष नाही. गंमत वेगळ्याच प्रश्नात आहे: घरापासून किती लांब? पालक म्हणतात जवळ, मुलं म्हणतात लांब, दरवर्षी. तेव्हा हा फोंड्याचाच आजार नाही, तिकडे पण तेच.

माझं मत विचारलंत तर एमएस्सी तिने गोव्यातच करावं पण घरी राहून नाही. होस्टेलला किंवा पणजीत मैत्रिणींबरोबर रूम घेऊन राहू दे. फोंडा ते ताळगाव रोज बसने जाणं आणि संध्याकाळी सातला "कुठे आहेस" चा फोन, यात ती बाहेर जायचंच म्हणणार, कोणीही म्हणेल. आणि पीएचडीला तिला बाहेर जाऊ द्या, तेव्हा अडवायचं नाही हे आत्ताच कबूल करा.

प्रश्न: मी चिंचवडला मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे. आईबाबांनी सगळ्या सोसायटीला सांगून टाकलंय की मी टीयू म्युनिकला एमएस करणार, जर्मनीत शिक्षण फुकट असतं म्हणून. माझे दोन बॅकलॉग होते, क्लिअर झालेत. काय करू? – एक विद्यार्थी

सोसायटीला सांगून टाकलंय हे वाचून हसू आवरलं नाही, माफ कर. पण आईबाबांची माहिती थोडी जुनी झालीये ते त्यांना सांग. जर्मनीतल्या सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही हे खरं, पण टीयू म्युनिकने २०२४-२५ च्या विंटर सेमिस्टरपासून युरोपियन युनियनबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली, मास्टर्सला कोर्सप्रमाणे सेमिस्टरला ४ ते ६ हजार युरो. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह वगैरे, २०१७ पासून सेमिस्टरला दीड हजार युरो आहेच. आखेनच्या युनिव्हर्सिटीला अजून ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं वर्गणीसारखं काहीतरी भरायचं. आणि मेकॅनिकलवाल्याला आखेन म्हणजे काही कमी नाही रे, फक्त ते सोसायटीत कोणाला माहीत नाही एवढंच.

फुकट असलं तरी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ९९२ प्रमाणे ते तुलाच परत मिळतात पण आधी ठेवावे तर लागतात. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुझी कागदपत्रं तपासून खरी आहेत असा दाखला, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना कम्पल्सरी आहे, त्याला वेळ लागतो, लास्ट इयरची वाट बघत बसू नको. दोन बॅकलॉगने आभाळ कोसळत नाही. तिथे नावापेक्षा विषय जुळतात का ते बघतात, तू चार वर्षांत थर्मो, मॅथ्स, मशीन डिझाइन किती क्रेडिटचं केलं ते त्यांच्या यादीशी ताडून बघतात आणि तुझे मार्क त्यांच्या पद्धतीत बदलून घेतात. म्हणून आतापासून सिलॅबसच्या कॉप्या आणि ट्रान्सक्रिप्ट गोळा कर. निकाल वेळेत लागणारी युनिव्हर्सिटी ही केवढी मोठी गोष्ट असते ते २०१७ ला मुंबईच्या पोरांना कळलं, उत्तरपत्रिका ऑनलाइन तपासायला घेतल्या आणि निकाल इतके रखडले की शेवटी कुलगुरूंना पदावरून काढलं, पण तोवर पुढच्या अ‍ॅडमिशनच्या तारखा कोणासाठी थांबल्या नव्हत्या.

मॅक्सम्युलर भवनला किंवा कुठेही, पण जर्मन बी१ पर्यंत कर. शिकवणं इंग्लिशमध्ये असलं तरी नोकरीचे इंटरव्ह्यू कितीतरी ठिकाणी जर्मनमध्येच होतात, आणि डिग्रीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं ते भाषा शिकण्यात घालवू नको. एजंट तुला कमी मार्कांत बर्लिनची प्रायव्हेट युनिव्हर्सिटी मिळवून देतो म्हणेल, तिची फी लाखांत असते आणि त्यातून त्याला कमिशन असतं, म्हणून तर तो तुझ्याकडून काही घेत नाही.

प्रश्न: मुलाचं आयआयटीचं स्वप्न होतं, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड निघाली नाही. कॅपमधून जिल्ह्याच्या ठिकाणचं बरं कॉलेज मिळतंय पण खोलीतून बाहेर येत नाही, ड्रॉप घेतो म्हणतो. घेऊ द्यावा का? – एक आई, जळगाव

ताई, हा निर्णय या आठवड्यात घेऊ नका एवढं पक्कं. तो जेवतोय, झोपतोय ना ते बघा, मित्रांशी पण बोलत नसेल किंवा निरवानिरवीचं काही बोलायला लागला तर ड्रॉप वगैरे सगळं बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे न्या, आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, तो मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

बाकी हिशोब असा. अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते, म्हणजे त्याला एक संधी उरलीये, मागच्या वर्षी पण दिली असेल तर तीही नाही. पहिल्या वेळी थोडक्यात हुकली असेल आणि कुठल्या विषयात हुकली ते तो स्वतः बोट ठेवून सांगू शकत असेल तर ड्रॉपमध्ये दम आहे. "यंदा जोरात अभ्यास करीन" एवढंच असेल तर नाही. आणि आयआयटीचं दार बारावीनंतर बंद होतं असं क्लासवाले सांगतात, ते त्यांच्या धंद्याचं आहे. बीईनंतर गेट ही परीक्षा देऊन एमटेकला आयआयटीत जाणारी पोरं आपल्या जिल्ह्याच्या कॉलेजांतूनच जातात, कोणी त्यांच्या पेढ्यांचे फोटो छापत नाही इतकंच.

कॅपमध्ये लागलेली सीट तोवर सोडू नका, रिपोर्टिंगच्या तारखेच्या आत जाऊन कन्फर्म करा. नंतर रद्द करायची वेळ आली तर ठरलेल्या तारखेपर्यंत किरकोळ रक्कम कापून फी परत मिळते, ती तारीख सीईटी सेलच्या वेळापत्रकात दिलेली असते, आजच बघून कॅलेंडरवर लिहून ठेवा.